पहिल्या हाकेला

१

शनिवारी पहाटे हरिप्रियेला गजर लागत नाही. एरवी आठवडाभर तीन-तीन गजर कोकलतात, अप्पा खालून चार हाका मारतात, पाचव्या हाकेत त्यांचा आवाज चिरकतो, तेव्हा कुठे ही बाई शोळिंगनल्लूरच्या कंपनी-बसमागे धावत सुटते. शनिवारी मात्र साडेचारालाच डोळे टक्क उघडे. कारण शनिवार दोरैचा.

दोरै म्हणजे तामिळमध्ये साहेब. हे नाव त्याने स्वतःच्या वागणुकीने मिळवलं होतं. रंगाने भाजलेल्या रव्यासारखा, जात रस्त्यावरची, ऐट मात्र कलेक्टरची. बोलावल्याबरोबर यायचं ते नोकराचाकरांनी. साहेब दुसऱ्या हाकेला मान वळवणार आणि तिसरीला मर्जी असली तर उठणार. “या घरात पहिल्या हाकेला ओ देण्याची रीतच नाही,” अप्पा म्हणत. “एक ही, आणि एक ते.”

अप्पा म्हणजे भीमसेनराव. घराणं तंजावरचं, घरची मराठीही तिथलीच जुनी, आणि तीस वर्षं गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर गेलेली. मशीनचा नुसता आवाज ऐकून कुठला भाग झिजला ते सांगायचे. बायको गेल्यावर दोन महिने त्यांनी जेवणावरची वासनाच सोडली होती. तेव्हा रोज ताटापाशी बसून, पायावर पंजा ठेवून त्यांना घास घ्यायला लावला तो दोरैने.

आता दोरै बारा वर्षांचा झाला होता. मागचा डावा पाय रिक्षाखाली आला, तेव्हापासून तो तीन पायांवर चाले आणि चौथा नुसता टेकवी. घरभर आवाज यायचा, टक टक टक, थप्प. त्यात आता काळीज सुजलं होतं. डॉक्टर जयंतींनी स्पष्ट सांगितलं, “पोंगलपर्यंत बघू. चालवा, पण थोडं. दमला की थांबायचं. दमवलंत, तर मला फोन करू नका.”

हरिप्रियेने ते ऐकून रडून घेतलं आणि मग कामाला लागली. नोकरी टेस्टिंगची, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायची. लॅपटॉपपुढे बसून बसून आठ महिने मान धरलेली, डावा हात कायम मानेवर. पण यादी करावी तर तिनेच. कुत्र्याला नेता येईल अशा एकेचाळीस जागा तिने लिहून ठेवल्या होत्या. सावली किती, काचा किती, गावकुत्री किती, पाणी आहे का. मार्गळी महिन्याचा गारवा संपेपर्यंत जितके शनिवार हाती आहेत, तितके तिला दोरैला सोन्याचे करून द्यायचे होते.

बेचाळिसावी जागा तिला नकाशात सापडली. श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे नल्लमंगलम नावाचं जुनं गाव, आणि गावामागे एक वर्तुळ. इतकं गोल की कोणीतरी वाटी पालथी घालून आखलं असावं. मातीचा प्राचीन कोट. पूर्ण फेरी नऊशे मीटर, म्हणजे एकोणीस-वीस मिनिटं. सपाट, छोटी, गोल! ती खुर्चीतून उडालीच.

२

कंपन्यांच्या बसगाड्या पहिल्या पाळीची माणसं घेऊन श्रीपेरुंबुदूरकडे निघाल्या होत्या. त्यांच्यामागून तिची लाल गाडी मोठा रस्ता सोडून आत वळली. तीन देवळं, विणकरांच्या दोन गल्ल्या, एक चहाची टपरी, आणि मग एकदम समोर कोट. दोन माणसं उंचीचा मातीचा तट, वर बैलगाडी जाईल इतकी रुंद वाट, कडेने ताड. आतली बाजू खोलगट, वेड्या बाभळींनी आणि लव्हाळ्यांनी भरलेली. तिथे चिखल असल्यामुळे आत कोणी उतरत नव्हतं. विटांच्या बावीस पायऱ्या चढायच्या, की वर. चढायला आणि उतरायला तेवढी एकच जागा.

गावाकडच्या उंचवट्यावरच्या चिंचेखाली गाडी लावून, दोरैला उचलून ती पायऱ्या चढली. चौदा किलो. वर ठेवल्यावर साहेबांनी हवा हुंगली, एका ताडाला सलामी दिली आणि स्वारी निघाली. टक टक टक, थप्प.

“अय्यो, किती छान!” ती एकटीच मोठ्याने म्हणाली. काचा नाहीत. गावकुत्री नाहीत. सावली आहे. तिने लगेच नवीनला आवाजी निरोप धाडला. नवीन तिच्या ऑफिसातला, चौदा कुत्रेवाल्यांचा गट चालवायचा. “नवीन, पुढच्या रविवारी सगळ्यांना इथे आणायचं. मी सांगते ना. डोळे मिटून!”

खोलगट भाग तिने उजव्या हाताला ठेवला होता. मुद्दाम नव्हे. गोल जागा दिसली की देव उजवीकडे ठेवायचा, हे आजीने अंगात भिनवलेलं. आणि एकदा सुरू केलेली प्रदक्षिणा अर्धी सोडायची नाही, हेही.

बरोबर अर्ध्या वाटेवर, पायऱ्यांच्या अगदी समोर, वाटेत आडवी एक दगडी पन्हळ होती. दोन वीत रुंद. आतलं पाणी झिरपत तिच्यातून बाहेर पडत होतं. हरिप्रियेच्या पुढे एक म्हातारा अकरा शेळ्या घेऊन चालला होता. पन्हळीपाशी आल्यावर शेळ्या आपल्या आपण वळल्या आणि उलट निघाल्या. मागून म्हातारा वळला. मोळीवाल्या दोन बायका आल्या, त्याही तिथूनच परत फिरल्या.

“पुढे वाट नाही का?” तिने तामिळमध्ये विचारलं.

“वाट आहे की,” म्हातारा म्हणाला. सुब्बा त्याचं नाव, हे त्याने न विचारताच सांगितलं.

“मग?”

“शेळ्या जात नाहीत.”

“आणि तुम्ही?”

सुब्बाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला शेळ्या टाकून जायला सांगितलंय. मग तो चालायला लागला.

दोरैही पन्हळीपाशी बसला. सरळ बूड टेकून. तिने हाक मारली, साहेबांनी ताडाकडे पाहिलं. दुसरी मारली, मान वळली. तिसरीला नेहमी उठायचा, तो उठेना. दोरी ओढली तर पुढचे पाय रोवले. “दमलास का रे? आता अर्धंच राहिलं, माझ्या राजा,” असं म्हणत तिने त्याला पुन्हा उचललं, छातीशी धरलं, आणि मोठं पाऊल टाकून पन्हळ ओलांडली. उचलताना त्याने तिच्या हातावर दात टेकवले. चावला नाही. नुसते टेकवले.

३

पलीकडे खाली ठेवलं आणि दोरै चालायला लागला. दहा पावलं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आवाज बदललाय. टक टक टक टक. मागचा डावा पायही जमिनीवर पुरा पडत होता. वीस पावलांवर तो दुडक्या चालीने निघाला. पन्नासाव्या पावलाला तो पळत होता, आणि हरिप्रिया हसत, ओरडत, ओढणी सावरत त्याच्यामागे धावत होती.

तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मोकळी हवा, मऊ माती! डॉक्टरांना काय कळतंय! मान वर करून तिने आभाळाकडे पाहिलं, आणि मग आठवलं की आठ महिन्यांत मान अशी वर झाली नव्हती. ठणकाही नव्हता. “वा,” ती म्हणाली, “दोघांनाही लागू पडली ही जागा.”

तेव्हा तिला समोरच्या तटावर कोणीतरी दिसलं. पायऱ्या चढून नुकतंच वर आल्यासारखं. डोळ्यांवर ऊन येत होतं, त्यामुळे एवढंच कळलं की बाई आहे आणि सोबत कुत्रं आहे. म्हणजे आणखीही कोणाला ही जागा ठाऊक आहे! हरिप्रियेने हात हलवला. त्या बाईनेही हलवला. हरिप्रिया चालत राहिली, तीही चालत राहिली. पायऱ्यांपाशी पोचून हरिप्रियेने वळून पाहिलं, तेव्हा ती बाई समोर पन्हळीपाशी उभी होती.

खाली आल्यावर तिने गाडीचं मागचं दार उघडलं आणि उचलायला वाकली. तोवर दोरै उडी मारून आत बसलाही होता.

४

तो आठवडा घरात सण असल्यासारखा गेला. दोरै दोन जिने चढला. अप्पांबरोबर उद्यानाला चार चकरा मारून आला. डॉक्टर जयंतींनी दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा यंत्र बदललं आणि शेवटी चष्मा काढून ठेवला. “मी काही बोलत नाही,” त्या म्हणाल्या. “घेऊन जा.” हरिप्रियेने तिथेच त्यांना मिठी मारली.

शेजारच्या विशालाक्षी मामींनी दृष्ट काढली. नवीनच्या गटात चौदाच्या चौदा जणांनी रविवारसाठी नाव दिलं.

अप्पाही खूश होते. निदान सोमवारपर्यंत तरी. सोमवारी सकाळी त्यांनी जिन्याखालून हाक मारली, “हरिप्रिये!” आणि वरून लगेच आवाज आला, “आले, अप्पा!” ते पायरीवर पाऊल ठेवून तसेच थांबले.

“काय ग, पहिल्या हाकेला?” ते म्हणाले. “आज सूर्य कुठे उगवला?”

ती हसली. खरंच जाग आली होती, एकदम, दिवा लावावा तशी. स्वप्न नाही, आळस नाही. ऑफिसातही कोणी नाव घ्यायच्या आत ती मान वर करी. तिथले वरिष्ठ म्हणाले, योगासनं सुरू केलीस का.

आणि दोरै? दोरैही पहिल्या हाकेला येत होता. ‘दो’ म्हणताच उठायचा, ‘रै’ म्हणेपर्यंत पायाशी. पहाटे देवळाच्या लाउडस्पीकरबरोबर गळा काढायचा, ते त्याने सोडून दिलं होतं. झोपेत पाय झाडायचा, तेही. शिळ्या पोळीसाठी भांडायचा नाही. ताटलीत घातलं की खायचा, पुसून ठेवल्यासारखं. अप्पा जेवायला बसले की समोर बसायचा, त्यांच्याकडे बघत. पायावर पंजा मात्र त्याने एकदाही ठेवला नाही.

माणूस बरं झालं की शहाणंही होतं, कुत्र्याचं का होऊ नये, असं हरिप्रियेने स्वतःला समजावलं. तिला ते पटलं. पटवून घ्यायची तिला फार हौस होती.

५

पण टेस्टरच्या जातीला एक खोड असते. एकदा घडलं ते घडलं असं ती मानत नाही. तेच पुन्हा करून पुन्हा तेच आलं, तर ते खरं. रविवारी चौदा जणांना आणायचं, तर शनिवारी एकदा पाहून घ्यावं, म्हणून ती पुन्हा निघाली. अंगात पिवळा कुर्ता, छातीत धडधड, आनंदाचीच.

पायऱ्या दोरै आपल्या पायांनी चढला. वर पोचून तिने समोर पाहिलं. पन्हळीपाशी ती बाई उभी होती. कुत्रं तिच्या पायाशी बसलेलं.

“बघ, आजही आल्यात,” हरिप्रिया दोरैला म्हणाली. तिने चालायला सुरुवात केली. समोरची बाईही निघाली. म्हटलं जरा गाठावं, गप्पा माराव्यात. तिने पाय उचलले. समोरचीनेही उचलले. ती थांबली. समोरची थांबली. तिने बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं केलं आणि बगलेखालून पाहिलं. समोरची वाकली होती.

हे असं होऊ शकतं, तिने मनाशी मांडलं. आतला चिखल तापला की हवा लवलवते, आरसा होतो. तटाची सावली पडते. किंवा ती बाई थट्टा करतेय. तीन कारणं सुचली, तिन्ही ठीक होती. मग तिने ओढणीने घाम पुसला आणि कळलं की आपल्याला घाम आलेलाच नाही.

पन्हळ आली. दोरै न थांबता ओलांडून गेला. तिने फोन काढला, पूर्ण मोठं करून समोरचा फोटो घेतला, आणि तो न बघता फेरी संपवली. या वेळी तिने हात हलवला नाही.

चिंचेखाली गाडीत बसून तिने फोटो उघडला. बाईचा एक हात मानेवर होता, डावा. मान एका बाजूला कललेली. अंगात हिरवा कुर्ता, पाठीवर धुळीचे थर. हिरवा कुर्ता हरिप्रियेने गेल्या शनिवारी घातला होता. या आठवड्यात तो धुवायच्या कपड्यांत सापडला नव्हता, आणि तिने शोधलाही नव्हता.

कुत्र्याची जीभ जमिनीपर्यंत लोंबत होती. मागचा डावा पाय अधांतरी होता.

ती निघते, तेव्हा ते निघतात. ती थांबते, तेव्हा ते थांबतात. आणि ती घरी जाते, तेव्हा? गेल्या शनिवारी पायऱ्यांवरून तिने वळून पाहिलं, तेव्हा ते पन्हळीपाशी होते. आज वर आली, तेव्हा ते पन्हळीपाशीच होते. आठवडाभर, उन्हात. दमवायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेल्या कुत्र्याला.

मागच्या सीटवर दोरै शांत बसून तिच्याकडे पाहत होता. धापदेखील टाकत नव्हता.

६

“अप्पा,” तिने संध्याकाळी विचारलं, “प्रदक्षिणा अर्धी सोडली तर चालते काय?”

अप्पा कॉफी गाळत होते. “कोणाची ते सांग. देवीची पुरी करायची. महादेवाची अर्धीच. पन्हळीपर्यंत जायचे, ओलांडायचे नाही, आल्या पावली परत. आजीने तुला इतके सांगितले न?”

“ओलांडली तर काय होते?”

“ओलांडू नये इतकेच आम्हांस ठाऊक. कसाला ते आमच्या वडिलांनी सांगितले नाही, आम्हीं विचारले नाही.” त्यांनी पेला तिच्यापुढे ठेवला. “कसाला पुसतीस?”

दोरै दारातून आत आला. टक टक टक टक. अप्पांनी मान तिरकी केली, पूर्वी लेथपाशी करत तशी.

“पळे, बघ,” ते हळू आवाजात म्हणाले, “ऐक. चारी पावले सारखी. एक केसाचा फरक नाही. तीस वर्षे मशीन ऐकले मी. नवे कोरे असले तरी त्यात थोडी खोट असते, तीच त्याची ओळख. यात खोट नाही, ग.” मग स्वतःशीच मान हलवली. “देवाने बरे केले, अस्क, सगळे चांगले झाले म्हणावे. म्हणतोही. मन घेत नाही. या आठ दिवसांत मी त्याला नावाने हाक मारली नाही. माझ्या दोरैस मी हाका मारून दमायचो.”

त्यांचे डोळे भरून आले होते. हरिप्रियेने त्यांचा हात धरला. ते तिच्याकडे बघत राहिले, मान तशीच तिरकी.

“आणि तू...” ते म्हणाले.

“माझे काय, अप्पा?”

“काही नाही. कापी पी. निवते.”

रात्री तिने नवीनला कळवलं की उद्याचं रद्द, जागा कुत्र्यांसाठी चांगली नाही. नवीनने दहा प्रश्नचिन्हं पाठवली. तिने यादीतली बेचाळिसावी ओळ पुसली, आणि पहाटेची वाट बघत पडून राहिली. भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त काहीतरी वाटत होतं. उद्या दोरैला आणायचं. खऱ्या दोरैला! आल्या पावली परत जायचं, पन्हळ उलटी ओलांडायची, बस. चूक कुठे झाली ते सापडलं की निम्मं काम झालं, हे ती रोज सांगत असे.

७

रविवारी सकाळी सात वाजता ती पायऱ्यांच्या माथ्यावर उभी होती. समोर पन्हळीपाशी हिरवा ठिपका, आणि त्याच्या पायाशी रव्याच्या रंगाचा दुसरा.

“दोरै!” तिने जिवाच्या आकांताने हाक मारली.

तिच्या पायाशी असलेल्या कुत्र्याने ताबडतोब वर पाहिलं.

समोरच्याने ताडाकडे पाहिलं.

तिला हसू फुटलं आणि हुंदकाही. तोच! तोच साहेब, मेला! शंका म्हणून राहिली नाही. ती आता उलटी निघाली, खोलगट भाग डाव्या हाताला ठेवून, आली होती ती पावलं परत उचलत. समोर ते दोघंही उलटे निघाले. लव्हाळ्यांवरून पलीकडचा आवाज ऐकू येत होता, इतकी सकाळ शांत होती. टक टक टक, थप्प. मध्येच थांबे, मग पुन्हा. ती पाऊल हळू टाकू लागली, म्हणजे त्याला धाप लागू नये.

साडेनऊ मिनिटांच्या वाटेला तिने अर्धा तास लावला. पन्हळीपाशी पोचली. समोर, बरोबर समोर, ते दोघं पायऱ्यांच्या माथ्यावर पोचले होते.

पन्हळीत पाणी झिरपत होतं. पलीकडे सुब्बा आणि शेळ्या. शेळ्या तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या, सुब्बाने नजर काढून घेतली.

तिने दोरी ओढली. कुत्रं दगडापाशी थांबलं. ठीक आहे, तो राहू दे. तिने दोरी सोडली आणि पाय उचलून पन्हळीपलीकडे टाकला.

पाय अलीकडेच होता.

चुकून असेल. तिने पुन्हा नीट बघून उचलला, दगडावरून नेला, खाली ठेवला. अलीकडेच. बुटाखाली तीच ती माती. तिसऱ्यांदा तिने डोळे उघडे ठेवले, पापणीही लवू दिली नाही. तीन वेळा तेच आलं की ते खरं, हा तिचाच नियम.

शेळ्या वळल्या. सुब्बाही त्यांच्यामागे गेला.

हरिप्रियेचा हात मानेकडे गेला. मान कुठेच दुखत नव्हती. तिला जिन्याखाली थबकलेले अप्पा आठवले. ‘आणि तू’ म्हणून त्यांनी गिळलेले शब्द आठवले. आठ दिवसांत एकही स्वप्न नाही, एकदाही घाम नाही. घरी आणलेला दोरै जसा, तशीच ती. तिने खूप कारणं शोधली. या वेळी एकही सुचलं नाही.

८

तिला मागे फिरता आलं असतं. नऊशे मीटरच्या निम्मी वाट, की पायऱ्या. ती पायऱ्यांपाशी पोचली असती आणि ते दोघं पुन्हा इथे, या दगडाशी. मग घर, अप्पा, न दमणारा दोरै. कोणाला काही कळलं नसतं. अप्पांनी मान तिरकी करून ऐकलं असतं, पण बोलले नसते.

समोर, पायऱ्यांच्या माथ्यावर, म्हातारा दोरै धापा टाकत होता. त्याचं अख्खं अंग हलताना इथूनही दिसत होतं. पोंगलला अजून अकरा दिवस होते.

हरिप्रिया पन्हळीच्या काठावर खाली बसली. शेजारी तिचं कुत्रं बसलं. समोर हिरव्या कुर्त्यातली बाई बसली. आता कोणी हलायचं नाही, तिने ठरवलं. मी हलले नाही, तर ते पायऱ्यांपाशीच राहतील. पण नुसतं राहून काय होणार? ती उतरत का नाही? उतर ना, बाई! तुझ्या पायाशीच तर आहेत पायऱ्या! पण ती बाई मानेवर हात ठेवून बसून राहिली, कारण हरिप्रिया बसली होती.

सगळे बसले. फक्त दोरै बसला नाही.

सगळे बसले, एवढ्यासाठीच बसला नसेल. आयुष्यात त्याने कोणाचं ऐकलं होतं? त्याला पलीकडे चिंचेची सावली दिसली आणि तिच्यात लाल गाडी. त्याने पुढचे पाय पहिल्या पायरीवर टाकले. दोरी ताणली गेली. हिरव्या बाईचा हात पुढे ओढला गेला, आणि हरिप्रियेचा हात मांडीवर तसाच राहिला. बाई धडपडत उठली. हरिप्रिया उठली नाही.

“चल!” ती ओरडली. छातीत इतकं उधाण आलं होतं की तिला उडी मारावीशी वाटत होती, पण ती घट्ट बसून राहिली. “चल रे साहेबा, ने तिला! ने!”

टक टक टक, थप्प. टक टक टक, थप्प. बावीस पायऱ्या. मध्ये दोनदा तो थांबला, दोन्ही वेळा पुन्हा निघाला. मग ते चिंचेखाली होते. गाडीचे दिवे दोनदा लुकलुकले. हरिप्रियेने खिशात हात घातला. बिस्किटाचा चुरा होता, किल्ली नव्हती.

बाईने मागचं दार उघडलं. एक हात छातीखाली, दुसरा दुखऱ्या पायाखाली, असं दोरैला उचललं. असं त्याला दुखत नाही, हे जगात एकीलाच ठाऊक होतं.

“दोरै!” हरिप्रियेने एकदा हाक मारली. शेजारचं कुत्रं उठून उभं राहिलं. तिकडे त्याने कान हलवला नाही.

“दोरै!”

दुसऱ्या हाकेला, बाईच्या खांद्यावरून, त्याने मान वळवली. तटाकडे बघितलं, चांगलं निरखून. शेपटी एकदा हलली. मग त्याला आत ठेवलं गेलं आणि दार लागलं. बाईने जाता जाता डोळ्यांवर हात धरून वर कोणाला तरी शोधल्यासारखं केलं, मान चोळली, आणि गाडीत बसली.

लाल गाडी विणकरांच्या गल्लीतून दिसेनाशी होईपर्यंत हरिप्रिया बघत राहिली. तासाभरात ते घरी पोचतील. दोरै जिन्यापाशी बसेल आणि उचलून घ्यायला लावेल. अप्पा आधी त्याचं पाऊल ऐकतील, मग धावत येतील. दुपारी ताटापाशी पायावर पंजा पडेल. आणि उद्या सकाळी अप्पा जिन्याखालून हाक मारतील. एक मारतील, दोन मारतील, आवाज चिरकेपर्यंत मारतील, आणि पाचवीपर्यंत वरून कोणीही ओ देणार नाही.